बंद घरातली चालती घड्याळं

जेवताना गप्प बसायचं असा नियम कुणी केलेला नसतो, तरी काही घरांत जेवताना फक्त भांड्यांचा आवाज येतो. तुम्हीही अशी घरं पाहिली असतील. कदाचित त्यातलं एक तुमचंच असेल. रागावू नका, मी तुमची तक्रार घेऊन बसलेलो नाही. मला एका घड्याळवाल्याच्या घराबद्दल सांगायचं आहे.

घरात माणसं तीन. आई दवाखान्यात परिचारिका, तिच्या पाळ्या सतत बदलत्या. मुलगी सतरा वर्षांची. बोटं इतकी बारीक आणि नेमकी की घरीदारी सगळे तिला चिमटी म्हणत. तिसरा घड्याळवाला, चिमटीचा सावत्र बाप. ती सात वर्षांची असताना तिचा सख्खा बाप एका सकाळी पायात चपला घालून जो गेला तो गेलाच. पाच वर्षांनी आईने घड्याळवाल्याशी लग्न केलं. चिमटी त्याला काका म्हणे. ‘बाबा म्हण’ असा आग्रह त्याने कधी धरला नाही, आणि धरला असता तरी तिने म्हटलं नसतं.

माणूस सरळ होता. व्यसन नाही, आवाज चढवणं नाही. लग्न झाल्या वर्षापासून त्याने पोरीला दुकानात शेजारी बसवलं आणि हातचं राखून न ठेवता सगळं शिकवलं. पण तोंडाचा मात्र भारी कंजूष. काम चुकलं की म्हणायचा, “बघ पुन्हा.” काम बरोबर झालं की काहीच म्हणायचा नाही, पुढचं घड्याळ तिच्यापुढे सरकवायचा. त्याच्या मते हीच शाबासकी. त्याच्या उस्तादाने त्याला असंच शिकवलं होतं. एकदा तीन कारागिरांनी हात टेकलेलं एक घड्याळ चिमटीने अकरा दिवस खपून चालू केलं. काकाने ते कानाला लावलं, बराच वेळ ऐकलं आणि पुढचं घड्याळ सरकवलं. त्या दिवशी पोरगी न्हाणीघरात नळ सोडून रडली. काकाला वाटलं, पाणी फुकट चाललंय.

तर असं हे घर. आता त्या हिवाळ्यात काय झालं ते ऐका.

काकाची गिऱ्हाइकं बहुतेक म्हातारी होती. त्यांच्याकडे आठवड्याच्या चावीची जुनी भिंतीवरची घड्याळं. दर रविवारी चावी द्यायची, की आठ दिवस निर्धास्त. काका अधूनमधून घरोघरी जाऊन ती साफसूफ करी, आणि प्रत्येक घड्याळाचा पत्ता आणि दुखणं एका जाड वहीत लिहून ठेवी. चावी देणारं माणूस वारलं किंवा आजारी पडून दवाखान्यात गेलं, की घर बंद होई आणि आठ दिवसांनी घड्याळही थांबे. यात नवल काहीच नाही. नवल झालं ते उलटं.

एक म्हातारी शिंपीण वारली. तिचं घर दोन आठवडे बंद होतं. भाच्याने येऊन दार उघडलं, तर आत घड्याळ टिकटिक करत होतं. भाचा म्हणाला, असेल काहीतरी, आणि कपाटं न उघडताच भराभर कुलूप लावून परत गेला. मग नकाशे काढणारे एक आजोबा वारले. त्यांची लेक परगावी असायची. ती तीन आठवड्यांनी आली. जिना चढून तिने कुलूप काढलं, दार ढकललं आणि उंबऱ्यावरच थिजली. पडदे ओढलेले, खोलीत तीन आठवड्यांचा कोंदट वास, टेबलावर वडिलांचा चष्मा घडी घालून ठेवलेला, आणि त्या अंधुक उजेडात लंबक इकडून तिकडे शांतपणे हलत होता. शेजारीण म्हणाली, “म्हाताऱ्याचा जीव त्या घड्याळात होता, बाई. तो अजून घरात आहे.” लेकीने आत पाऊल टाकलं नाही. तिने घड्याळवाल्याला बोलावणं धाडलं.

काका आला. लेक दारातच उभी. “घड्याळवाले, बाबांना जाऊन तीन आठवडे झाले. हे चालतंय कसं?”

काकाने आधी आपल्या मनगटाकडे पाहिलं. मिनिटाचाही फरक नव्हता. म्हणजे नुसती चावी दिलेली नव्हती, वेळही लावली होती. त्याने काचेचं दार उघडलं. चावी आत उजव्या खिळ्याला टांगलेली होती, तिचा कान भिंतीकडे फिरवून. लंबक हलताना चावी काचेवर वाजू नये म्हणून अशी टांगायची, ही रीत त्याची स्वतःची. सगळ्या शहरात ती फक्त एकाच माणसाला शिकवलेली होती. घड्याळ एका बाजूला कललेलं असणार, कारण खालच्या कोपऱ्यामागे कागदाची चौघडी सरकवलेली होती. काकाने ती हळूच ओढून उलगडली. बारीक चौकटींचा कागद, चिमटीच्या कॉलेजच्या वहीतला.

 त्या मेलेल्या माणसाच्या खुर्चीच्या पाठीचा त्याने आधार घेतला. गादीवर बसण्याचा खळगा अजून तसाच होता.

“सांगा ना,” लेक म्हणाली.

“चावी दिली की चालतं,” काका म्हणाला. कागद त्याने मुठीत मिटून खिशात घातला आणि तो निघून आला. दोन दिवसांनी धीर करून लेकीने कपाट उघडलं, तेव्हा तिच्या आईचे दागिने त्यात नव्हते. ते ऐकून शिंपिणीचा भाचाही धावत आला. शिंपिणीच्या कपाटातली चांदीची भांडी गेली होती. पण पोलिसांत दोघांनीही आधी भुताचंच सांगितलं. भुताला घाबरलेल्या माणसांना चोर दिसत नाही, हे चोरांना चांगलं ठाऊक असतं.

हा चोर कोण, ते तुम्ही ओळखलं असेल. दहा वर्षांपूर्वी गेलेला बाप सहा महिन्यांपूर्वी परत आला होता. काका बाहेर असताना तो दुकानात आला, मनगटी घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं आणि चिमटी ते दुरुस्त करत असताना तिच्याकडे बघत उभा राहिला. पंधरा मिनिटांत काम झालं. “शाबास,” तो म्हणाला. “अगं, हे हात बघ! हे आपल्या घराण्याचे हात आहेत. ओळखलं नाहीस का बाबाला?”

पाच वर्षं जे ऐकायला कान आसुसले होते, ते पंधरा मिनिटांत मिळालं. पोरगी विरघळली. मग रोज कॉलेज सुटल्यावर भेट, रोज कौतुक. दहा वर्षं कुठे होतास, हे तिने एकदा विचारलं. “तुझ्या आईला विचार, तिने मला कसं घालवलं,” एवढंच उत्तर मिळालं. खरं म्हणजे त्यातली सहा वर्षं तो तुरुंगात होता. पुढे बाबा म्हणाला, “कुलूप तरी काय असतं? आत स्प्रिंगा आणि खिट्ट्याच ना? तुला उघडता येईल?” आलं. “शाबास!” पुढे म्हणाला, “काकाच्या वहीत बंद घरांचे पत्ते असतील ना? मेलेल्या माणसाला काय उपयोग गं वस्तूंचा? आपण काही कुणाच्या तोंडचा घास काढत नाही.”

भर दुपारी, जिन्यात चिटपाखरू नसताना चिमटी कुलूप उघडून आत जायची. बाबा खाली कोपऱ्यावर उभा राहायचा, कधी वर यायचा नाही. बंद घरात एकटं उभं राहून बघा कधीतरी. उशीवर डोक्याचा ठसा असतो, पलंगाखाली चपलांचा जोड बाहेरच्या दिशेने तोंड करून असतो. चिमटीला वाटायचं, कुणीतरी बोलता बोलता थांबलं आहे आणि आपण जायची वाट पाहतं आहे. कपाटाकडे हात गेला की पाठीवर काटा यायचा. मग तिची नजर थांबलेल्या घड्याळाकडे जायची. ती चावी द्यायची, कोपऱ्यामागे घडी सरकवायची, वेळ लावायची. टिकटिक सुरू झाली की खोलीची नजर आपल्यावरून हटली असं तिला वाटायचं. चोरी करणाऱ्या पोरीने घड्याळ नीट करून यावं, हा वेडेपणा दुसऱ्या कुठल्या चोराने केला नसता. तिच्या हाताला दुसरं काही येतच नव्हतं.

काकाने चार दिवस कुणाला काही सांगितलं नाही.  वही जागेवरून हललेली त्याला दिसली. एका पानाच्या कडेला पेन्सिलीची बारीक रेघ होती. त्या पानावर निवृत्त मुख्याध्यापक बाईंचा पत्ता होता. बाई घसरून पडल्या होत्या आणि महिनाभर दवाखान्यात होत्या.

काका त्यांना भेटायला गेला. त्यांचा पाय प्लास्टरमध्ये टांगलेला होता, जीभ मात्र शाबूत होती.

“काय हो, चेहरा का असा? माझं घड्याळ थांबलं वाटतं?”

“नाही बाई. तुम्ही घराची किल्ली दिलीत, तेव्हापासून दर रविवारी जातोय.” आणि मग त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा सलग अर्धा तास बोलून सगळं सांगितलं. चिमटीचा बाप परत आल्याचं त्याला शेजारच्या दुकानदाराकडून कळलं होतं, तेही सांगितलं.

बाई डोळे मिटून ऐकत होत्या. “मी मुख्याध्यापिका होते, तेव्हा पोलिसांत जा असं सांगणं माझं काम आहे. सांगितलं, झालं. आता मला एक सांगा. त्या पोरीला तुम्ही शेवटचं शाबास कधी म्हणालात?”

“मी तिला सगळं काम दिलं, बाई. विश्वास असल्याशिवाय कुणी देतं का?”

“हे मला कळतंय. मी सत्तर वर्षांची आहे. तिला कळावं कसं? तुम्ही तिला चूक तेवढी तोंडाने सांगितलीत आणि बरोबर मात्र मनात ठेवलंत. शाळेत मी असे शेकडो बाप पाहिले. पोरं उनाड निघाली की म्हणायचे, आम्ही काय कमी केलं? काहीच कमी केलं नव्हतं हो, फक्त बोलायचं राहून गेलं होतं. पोराला घरी कौतुक मिळालं नाही तर ते कौतुकाशिवाय राहत नाही. बाहेरून आणतं. आणि बाहेरचा माणूस ते कशासाठी देतोय, हे ओळखण्याचं वय त्याचं नसतं.”

बाईंनी डोळे उघडले आणि काकाकडे पाहिलं.

“माझं घर त्यांच्या यादीत आहे म्हणता? मग मी काही माझ्या चमच्यांना जपत बसत नाही. तुम्ही तिथे जाऊन बसा. पण तिला पकडू नका. पकडलंत तर ती पकडली गेलेली चोर होईल. तिला स्वतःच्या पायांनी माघारी यायला जागा ठेवा. आणि तिच्या आईला आजच सांगा. घरात दोन मुके पुरे झाले.”

त्या रात्री घरात जे बोलणं झालं ते आईचं आणि काकाचं. आई रडली, मग डोळे पुसून म्हणाली, “तो तिला माझ्यापासून तोडायला आलाय. मी बोलले तर ती त्याच्याकडेच पळेल. तुम्ही जा.”

तीन दिवसांनी, दुपारी अडीचला, चिमटीने बाईंच्या दाराचं आतूनही लागणारं कुलूप उघडलं. आत पाऊल टाकलं आणि तिचं रक्त गोठलं.

घड्याळ चालू होतं.

महिनाभर बंद असलेलं घर. पडदे ओढलेले, खुर्च्यांवर चादरी, आणि भिंतीवर लंबक हलतोय. आजवर लोक जे कुजबुजत होते, त्याला ती मनात हसली होती. ती भुतं तिनेच तर केली होती. हे तिने केलेलं नव्हतं. तिने काचेतून पाहिलं. आत उजव्या खिळ्याला चावी होती, कान भिंतीकडे फिरवलेली. तिला वाटलं, आपण इथे आधीच येऊन गेलोय आणि आपल्याला ते आठवत नाही. किंवा आपल्यासारखंच दुसरं कुणीतरी आपल्या आधी घराघरातून फिरतंय.  परत फिरावं तर पाय उचलेनात.

“मीच चावी देतो त्याला,” कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज आला. “रविवारचा रविवार.”

चादरीखालून हात बाहेर यावा तसा अंधारातून काका पुढे झुकला. चिमटीच्या हातातली हत्यारं खाली पडली. ती दुकानातलीच होती.

“बस,” तो म्हणाला. ती जमिनीवरच बसली.

काकाला बोलायची सवय नव्हती. शब्द अडखळत आले. “नकाशेवाल्यांकडचं घड्याळ मी पाहिलं. कललेलं होतं, तू बरोबर ओळखलंस. मिनिटाचा फरक नव्हता. पाहिल्याबरोबर मला काय वाटलं, सांगू? आधी अभिमान वाटला. मग भीती वाटली. आधी अभिमान वाटला, याची मला फार लाज वाटते.” तो थांबला. “ते तीन कारागिरांनी सोडलेलं घड्याळ मलाही झालं नसतं. त्या दिवशी सांगायला हवं होतं. माझं चुकलं.”

चिमटीने जमिनीवर पडलेली हत्यारं एकेक करून गोळा केली. 

एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. पोरगी इतका वेळ खाली का आली नाही, म्हणून बाबा पहिल्यांदाच वर आला होता. काकाला पाहून तो क्षणभर चपापला आणि लगेच हसला. “अरे वा! घरचीच माणसं.”

काकाने खिशातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. “वाचा. दोन्ही घरांत मी शिरलो, असं लिहिलंय. पत्ते माझ्या वहीतले, हत्यारं माझ्या दुकानातली. कुणीही विश्वास ठेवेल. मी हा घेऊन ठाण्यावर जातो. पोरीचं नाव येणार नाही, तुमचंही नाही. फक्त तुम्ही तिला सोडून जा.”

बाईंनी हे सांगितलेलं नव्हतं. हे काकाने स्वतःच्या डोक्याने ठरवलेलं होतं, आणि माझ्या मते चुकीचं ठरवलेलं होतं.

बाबाने कागद दोनदा वाचला. त्याचा चेहरा उजळला. “माणूस सज्जन आहे हो! सही तेवढी ठळक करा.” त्याने चिमटीच्या खांद्यावर थाप मारली. “बघितलंस? सुटलो आपण. महिनाभर थांबू, मग दुसऱ्या शहरात जाऊ. तिथेही म्हातारे कमी नाहीत.”

“काका तुरुंगात जातील, बाबा.”

“मग? तो काय आपला आहे?”

 चिमटी एकाकडून दुसऱ्याकडे पाहत राहिली. एक जण न केलेला गुन्हा अंगावर घ्यायला निघाला होता आणि दुसरा त्याला सही कुठे करायची ते दाखवत होता. सहा महिने ऐकलेले सगळे शाबास तिला त्या क्षणी एकदम आठवले. त्यातला एकही कुलूप उघडल्याशिवाय मिळालेला नव्हता.

ती उठली. टेबलावरचा कागद घेऊन तिने त्याचे चार तुकडे केले.

“कुलपं मी उघडली. मीच सांगणार.”

“शहाणी हो,” बाबाचा आवाज बदलला. “माझं रक्त आहेस तू.”

“म्हणून तर खाली उभे राहत होतात तुम्ही, आणि वर मला पाठवत होतात.”

बाबाने हात उगारला. काका मधे आला. काकाला मारामारी येत नव्हती, तो नुसताच उभा राहिला. बाबाने दोघांकडे पाहिलं, थुंकला आणि जिना उतरून गेला. अकरा दिवसांनी तो परगावच्या बसस्थानकावर सापडला. अर्धे दागिने त्याच्या पिशवीत होते. बाकीचे केव्हाच वितळले होते.

ठाण्यावर चिमटीने सगळं सांगितलं. काकाने खिशातली चौघडी काढून ठेवली आणि आपण ती लपवली होती, हेही सांगितलं. त्याबद्दल त्याला साहेबांची चांगलीच बोलणी बसली. वय आणि कबुली पाहून न्यायालयाने चिमटीला दोन वर्षं देखरेखीखाली ठेवलं. पण ज्यांची घरं तिने उघडली त्यांची माफी मागायला जा, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचं तिने ठरवलं. काका नुसता सोबत गेला.

शिंपिणीचा भाचा पुटपुटत का होईना, बरं म्हणाला. नकाशेवाल्यांच्या लेकीने दार उघडलं, ऐकून घेतलं आणि दारातच उभी राहिली.

“दागिने गेले, त्याचं दुःख आहेच,” ती म्हणाली. “पण मी माझ्या बापाच्या घराला घाबरले. त्यांच्या खुर्चीला घाबरले. रडायचं होतं तेव्हा मी जिन्यात उभी राहून थरथरत होते. ते दिवस मला कोण परत देणार? नाही, मी माफ करणार नाही.” आणि तिने दार लावून घेतलं.

ती चुकली असं मी म्हणणार नाही. चोरी झालेली वस्तू कधीकधी सापडते, दुःखाचे दिवस मात्र परत मिळत नाहीत.

चिमटी जिना उतरू लागली. चौथ्या पायरीवर तिला पुढचं दिसेना, ती तिथेच बसली. काका तिच्याशेजारी बसला. 

“तिने दार लावलं ते बरोबरच केलं,” तो म्हणाला. “पण तू ते दार वाजवलंस. तुझ्या वयात मला जमलं नसतं. आजही जमेल की नाही, माहीत नाही. शाबास, पोरी.”

तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ती हुंदके देऊन रडली. आणि या वेळी काकाला कळलं, की ती का रडते आहे.

वाचकहो, चिमटीचा गुन्हा चिमटीचाच. तो मी कुणावर ढकलत नाही. पण आपल्या घरात वाढणाऱ्या मुलाला चूक दाखवायला आपल्याला वेळ असतो आणि त्याचं चांगलं दिसलं की आपण कामाला लागतो, ही सवय गुन्हा नसली तरी गुन्ह्याला वाट करून देते. तुमच्या घरी कुणी आज काही चांगलं केलं असेल, तर ते त्याला तोंडाने सांगा. तुम्ही नाही सांगितलंत, तरी ते वाक्य त्याच्या कानावर पडणारच आहे. ते बोलणारा माणूस कुठल्यातरी कोपऱ्यावर आधीच उभा असतो, आणि तो फुकट बोलत नाही.